व्हॉल्यूम उतरवला की ट्रेबल गायब? आधी क्लिप लावून ऐका, मग सोल्डर मारा

ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्याचा अर्धा कार्यक्रम व्हॉल्यूमच्या नॉबवरच जातो. अंतरा सुरू झाला की ६-७ वर यायचं, म्युझिक पीस आला की १० वर जायचं, परत गायक आला की परत खाली, आणि आपल्याकडे गणपती म्हणा नवरात्र म्हणा जत्रा म्हणा, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड यांनी सगळी जागा आधीच खाल्लेली असते, गिटारने उरलेल्या फटीत बसायचं. आता गंमत अशी की १० वर खणखणीत वाजणारी गिटार ७ वर आणली की आवाज फक्त कमी होत नाही, तो बसका होतो. कॉर्डमधल्या वरच्या तारा ऐकूच येत नाहीत, पिकचा टोक-आवाज जातो. मग माणूस ॲम्पवर ट्रेबल वाढवतो आणि पुढच्या पीसला १० वर गेला की कानात सुई. म्हणून बरेच जण नॉबला हातच लावत नाहीत, सगळं साउंडवाल्याच्या भरवशावर. त्याची काही गरज नाही, पाच-दहा रुपयांच्या पार्टमध्ये हे सुटतं, फक्त कुठला पार्ट ते नेटवरच्या चित्रावरून ठरवू नका. तुमची वायर किती लांब आहे आणि तुमचा नॉब नेहमी कुठे थांबतो, या दोन गोष्टींवरून ठरवा.

आधी हे होतं का ते बघू, थोडं गणित आहे पण सोपं आहे. साध्या म्हणजे बॅटरी नसलेल्या गिटारमध्ये व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे नॉबखालचा कमी-जास्त होणारा रेझिस्टन्स, हंबकरला (दोन कॉइलचा पिकअप) बहुतेक ५००के म्हणजे ५०० किलोओहम आणि सिंगल कॉइलच्या पिकअपला २५०के असतो. १० वर असताना पिकअप थेट वायरला जोडलेला. नॉब खाली आणला की पॉटचा वरचा भाग पिकअप आणि वायर यांच्या मधे रेझिस्टन्स म्हणून येतो. आणि गिटारची शिल्डेड वायर ही स्वतःच एक कपॅसिटर आहे, आतली तार एक प्लेट, बाहेरची जाळी दुसरी. साधारण वायरला मीटरमागे १०० पिकोफॅरडच्या आसपास धरा, स्वस्तातल्या वायरला जास्तही. म्हणजे ६ मीटर वायर झाली ६०० पिकोफॅरड. मधे रेझिस्टन्स आणि पुढे जमिनीकडे जाणारा कपॅसिटर, हा झाला लो-पास फिल्टर म्हणजे वरचं गाळणारा, टोनच्या नॉबमध्ये जे असतं तेच, फक्त तुम्ही न सांगता चालू झालेलं.

आता आकडे. ५००के चा पॉट बरोबर अर्ध्या रेझिस्टन्सवर असला की वायरला समोर दिसणारा रेझिस्टन्स १२५के असतो (वरचे २५०के आणि खालचे २५०के पॅरलल, म्हणून). १२५के आणि ६०० पिकोफॅरड यांचा कट-ऑफ येतो साधारण २१०० हर्ट्झवर. म्हणजे गिटारची सगळी धार जिथे असते तिथूनच वरचं गळायला लागतं. २५०के च्या पॉटला तोच हिशोब केला तर ४२०० हर्ट्झच्या आसपास, म्हणून स्ट्रॅटवाले (सिंगल कॉइलची गिटार) जरा कमी रडतात आणि लेस पॉलवाले (हंबकरची गिटार) जास्त. त्यात अजून एक भर म्हणजे १० वर असताना पिकअपचं कॉइल आणि वायरचा कपॅसिटन्स मिळून २ ते ५ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात एक उंचवटा तयार होतो, गिटार चमकते ती त्यामुळेच, आणि नॉब खाली आला की मधे आलेल्या रेझिस्टन्समुळे तो उंचवटाही सपाट होतो. दोन्हीकडून मार.

एक गोष्ट बहुतेक जण चुकीची समजतात. लोकांना वाटतं जितका व्हॉल्यूम कमी तितकी धार कमी कमी होत जाते. तसं नाही. बाजारात मिळणारा लॉग म्हणजे 'ए' छापाचा पॉट घ्या, तो ५ वर असताना खालचा रेझिस्टन्स एकूणच्या १०-१५ टक्केच असतो, अर्धा येतो ७ च्या जवळपास. म्हणजे वायरच्या बाबतीत सगळ्यात वाईट जागा ६ ते ८, आणि तुम्ही आम्ही कार्यक्रमात तिथेच तर वाजवतो! ५ वर आलात की समोरचा रेझिस्टन्स ६०-६५के वर उतरतो, कट-ऑफ परत ४ हजाराच्या वर जातो. त्याच्या खाली जे बसकं वाटतं त्यात मोठा वाटा आपल्या कानाचा आहे, कमी आवाजात कानाला वरचं आणि खालचं दोन्ही कमी ऐकू येतं, फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून ठेवलंय.

म्हणून गिटार उघडायच्या आधी दोन टेस्ट करा. पहिली, नॉब ७ वर ठेवून ॲम्पचा व्हॉल्यूम इतका वाढवा की आवाज १० वर होता तितकाच मोठा होईल, आणि मग ऐका. अजून बसका आहे? मग वायरिंगचा प्रश्न आहे. बरा वाटतोय? मग कानाचा होता, किंवा दुसरं कारण, तुमचा ॲम्प किंवा पेडल ओव्हरड्राइव्हवर होतं आणि नॉब खाली आल्यावर डिस्टॉर्शनच कमी झालं, डिस्टॉर्शन स्वतः जी वरची हार्मोनिक्स तयार करतं ती गेली. हे कुठल्याही कपॅसिटरने परत येत नाही. दुसरी टेस्ट, कुणाकडून तरी एक-दीड मीटरची छोटी वायर आणा, पेडल टू पेडल जोडायची लांबडी असली तरी चालेल, ॲम्पच्या पुढ्यात स्टूल टाकून बसा आणि नॉब ७ वरच ठेवून वायर बदलून ऐका. फरक पडला तर चोर सापडला. ज्यांच्याकडे कपॅसिटन्स मोजणारा मल्टिमीटर आहे त्यांनी वायर दोन्हीकडून काढून एका टोकाच्या जॅकची टिप आणि बॉडी यांच्यावर प्रोब लावून आकडा बघूनच घ्यावा, पुढे लागणार आहे. स्प्रिंगसारखी गुंडाळीची वायर वापरत असाल तर आकडा बघून दचकाल, कारण दिसते ३ मीटर पण आत तार किती तरी जास्त.

इथे एक वेगळीच भानगड सांगतो कारण आपल्या भागात ती फार दिसते. मंडपात ॲम्प नसतो, गिटारची वायर सरळ मिक्सरच्या लाइन इनमध्ये. लाइन इनचा इनपुट इम्पिडन्स, म्हणजे सिग्नलला समोर दिसणारा रेझिस्टन्स, साधारण १०-२०के असतो, गिटारच्या ॲम्पचा १ मेगओहम. आता ७ वर असलेला पॉट १२५के दाखवतोय आणि समोर १०के, म्हणजे सिग्नल २२ डेसिबलने आपटतो, १० वर असला तरी पिकअपचा उंचवटा संपलेला असतो. याला गिटारच्या आत कितीही काही बसवा, काही होणार नाही. मिक्सरवर 'हाय-झेड' किंवा 'इन्स्ट्रुमेंट' असं बटण असलेलं चॅनल असेल तर तिथे लावा, नाहीतर ॲक्टिव्ह डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी), तोही नसेल तर बफर, म्हणजे गिटारवर भार न टाकता सिग्नल पुढे देणारं सर्किट, असलेलं कुठलंही पेडल मधे टाका. बॉस कंपनीच्या बहुतेक पेडलना बंद असतानाही बफर चालू असतो, ट्रू बायपासवाल्यांना (बंद असताना सिग्नल सरळ पुढे सोडणाऱ्यांना) नसतो. नुसतं ट्यूनर पेडल बंद ठेवून मधे घातलं तरी जमतं, फक्त त्याला बफर आहे ना बघा आणि पॉवर मिळतेय ना बघा, बॅटरी मेली की बफरही मेला.

बफरबद्दल बोलतोच आहे तर, बफर पेडलबोर्डवर असला की त्याच्या पुढच्या सगळ्या वायरचा त्रास संपतो, पण गिटार ते पेडलबोर्ड ही जी वायर आहे ती तशीच राहते. ती ३ मीटरची ठेवा, बफरच्या पुढे मग पाहिजे तितकं लांब जा. काही जणांना एवढ्यावरच समाधान होतं, त्यांनी इथेच थांबावं, गिटार उघडायला कशाला जायचं. वायरलेसवाल्यांचंही तसंच, ट्रान्समीटर गिटारच्या जॅकलाच बसतो त्यामुळे वायर जवळजवळ नाहीच, मात्र काही सिस्टिममध्ये वायरचा आवाज मुद्दाम नक्कल करायचं सेटिंग असतं ते बंद आहे का बघून घ्या. आणि ज्यांच्या गिटारमध्ये बॅटरीवाले ॲक्टिव्ह पिकअप आहेत त्यांचे पॉट २५के चे असतात, त्यांना हा आजार होतच नाही.

आता मूळ औषध. त्याला ट्रेबल ब्लीड म्हणतात. व्हॉल्यूमच्या पॉटला तीन पाय असतात. एक वाकवून पॉटच्या पाठीला सोल्डर केलेला असतो, तो ग्राउंड, त्याला विसरा. मधला पाय वायपर, आणि उरलेला तिसरा, जिथे पिकअप किंवा स्विचकडून वायर येते. या मधल्या आणि तिसऱ्या पायाच्या मधे एक छोटा कपॅसिटर टाकायचा. कपॅसिटरमधून जितकी फ्रिक्वेन्सी जास्त तितकं सहज जातं, त्यामुळे नॉब खाली आला तरी वरचा आवाज पॉटला वळसा घालून पुढे पोचतो. १० वर दोन्ही पाय तसेही एकमेकांना जोडलेले असतात म्हणून १० वरच्या आवाजात काहीच फरक पडत नाही, हा याचा सगळ्यात मोठा फायदा.

नुसता कपॅसिटर, कपॅसिटरला पॅरलल रेझिस्टन्स, आणि कपॅसिटरच्या सिरीजमध्ये रेझिस्टन्स, असे तीन प्रकार चालतात. नेटवर यावरून मारामाऱ्या आहेत. पीआरएस कंपनी नुसता १८० पिकोफॅरड टाकते. पिकअप बनवणाऱ्या सेमूर डंकनचा प्रसिद्ध फॉर्म्युला म्हणजे ०.००२ मायक्रोफॅरडला (म्हणजे २००० पिकोफॅरड) १००के पॅरलल. किनमन हाही पिकअपवालाच, त्याचा १२०० पिकोफॅरडच्या सिरीजमध्ये १३०के. फेंडरने दोन्ही एकत्र केलेत, १२०० पिकोफॅरडला १५०के पॅरलल आणि त्या जोडीच्या सिरीजमध्ये २०के. नवीन माणूस हे वाचतो, डोकं धरतो, आणि शेवटी जो कपॅसिटर दुकानात मिळेल तो टाकून मोकळा होतो, मग ४ वर आल्यावर गिटार पत्र्याच्या डब्यासारखी वाजते आणि तो म्हणतो ट्रेबल ब्लीड बेकार.

बेकार नाही हो, मोठा कपॅसिटर टाकलास तू. बघा, १००० पिकोफॅरड टाकला आणि ५००के चा लॉग पॉट ५ वर आणला, वरचा भाग ४२५के आहे असं धरलं तर ३७५ हर्ट्झच्या वरचं सगळंच कपॅसिटरमधून निसटायला लागतं. ३७५ हर्ट्झ म्हणजे पहिल्या तारेच्या मोकळ्या सुराच्या जरासं वर. म्हणजे बेस आणि बॉडी खाली गेली, बाकी सगळं तसंच राहिलं, पातळ आवाज येणारच. तेच १८० पिकोफॅरडने केलं तर २०८० हर्ट्झच्या वरचंच निसटतं.

मग बरोबर किंमत कशी काढायची? ज्यांनी ऑसिलोस्कोप वापरलाय त्यांना त्याचा प्रोब माहीत असेल, त्याच्यात एक बारीक स्क्रू असतो तो फिरवून चौकोनी लाट सरळ करतात. इथेही तेच तत्त्व आहे. पॉटचा वरचा रेझिस्टन्स गुणिले तुमचा कपॅसिटर हे खालचा रेझिस्टन्स गुणिले वायरचा कपॅसिटन्स याच्याइतकं आलं, की त्या जागी पॉट सगळ्या फ्रिक्वेन्सी सारख्याच कमी करतो. तर, अर्ध्यावर, म्हणजे नॉब ७ च्या आसपास, दोन्ही रेझिस्टन्स सारखे, म्हणून कपॅसिटर वायरइतकाच पाहिजे, ६ मीटरला ६००, म्हणजे बाजारातला ५६० किंवा ६८०. नॉब ६ वर थांबत असेल तर २७० ते ३३० च्या घरात. आणि ५ वर ते ४२५के आणि ७५के, तिथे १०० ते १२० पुरतो. म्हणजे एकच कपॅसिटर सगळीकडे बरोबर असूच शकत नाही, हे आधी मान्य करून टाका. १८० वाला ५-६ वर मस्त आणि ७-८ वर थोडा कमी पडणारा, ६८० वाला ७ वर अचूक आणि ४ वर किरकिरा. हे सगळं हिशोबाचं, पॉट ते पॉट फरक असतो, नॉबवरचे आकडे पण काही देवाने लिहिलेले नाहीत, आणि पिकअपचा स्वतःचा इम्पिडन्स मी धरला नाहीये. पण सुरुवात कुठून करायची ते यातून कळतं.

आता रेझिस्टन्सचं काय. पॅरलल रेझिस्टन्स टाकला की पातळपणा कमी होतो कारण बेसलाही वाट मिळते, पण नॉबची चाल बदलते. ५००के चा लॉग पॉट ५ वर साधारण १६ डेसिबल कमी करतो, त्याला १००के पॅरलल टाकला तर ५ वर जेमतेम ६ डेसिबल कमी होतात. म्हणजे अर्धा फिरवला तरी फारसं काही होत नाही आणि शेवटी शेवटी एकदम धाडकन खाली. करंगळीने व्हॉल्यूम फिरवून सुरावट फुगवणाऱ्यांना हे अजिबात आवडत नाही. काही जणांना आवडतं सुद्धा, १० ते ५ मधला बारीक कंट्रोल मिळतो म्हणून. सिरीजवाल्यात चाल फारशी बदलत नाही आणि कपॅसिटर मोठा असला तरी रेझिस्टन्स त्याला लगाम घालतो, म्हणून जो माणूस ३ पासून १० पर्यंत सगळीकडे फिरतो त्याला मी सिरीजवालाच सांगेन. जो एकाच जागी थांबतो त्याला नुसता छोटा कपॅसिटर बस झाला, कमी पार्ट कमी कटकट.

पार्ट आणायला मुंबईला जायला पाहिजे असं नाही. कुडाळ, चिपळूण, रत्नागिरी कुठल्याही बाजारात टीव्ही-मिक्सर रिपेअरचं जुनं दुकान असतंच. तिथे कपॅसिटर म्हणू नका, कंडेन्सर म्हणा, आणि पिकोफॅरड सांगण्यापेक्षा वरचा नंबर सांगा. पहिले दोन आकडे तसेच आणि तिसरा आकडा म्हणजे पुढे किती शून्य. १८१ म्हणजे १८०, ३३१ म्हणजे ३३०, ६८१ म्हणजे ६८०, १०२ म्हणजे १०००, १२२ म्हणजे १२००, २२२ म्हणजे २२००, डंकनच्या ०.००२ च्या जागी हाच चालतो. १०२ ला कुणी "एकशे दोन पीएफ" म्हणालं तर हसू नका पण घेताना नीट बघून घ्या. तपकिरी डिस्क सिरॅमिक चालतो, पॉलिएस्टर चालतो, सिल्व्हर मायका मिळाला तर हौस म्हणून घ्या, इतक्या छोट्या कामात मला तरी ऐकून वेगळा ओळखता येत नाही. रेझिस्टन्स पाव वॅटचे, १००के म्हणजे तपकिरी-काळा-पिवळा, १५०के म्हणजे तपकिरी-हिरवा-पिवळा. १३०के छोट्या दुकानात बहुतेक मिळत नाही, १२०के घ्या तपकिरी-लाल-पिवळा, २०के ऐवजी २२के घ्या लाल-लाल-नारिंगी, कुणाचं काही बिघडत नाही. आणि खरंच काही मिळालं नाही तर गणपतीला येणाऱ्या एखाद्या चाकरमान्याला लॅमिंग्टन रोडवरून आणायला सांगा, खिशात मावतं सगळं, फक्त नंबर कागदावर लिहून द्या, तोंडी सांगाल तर भलतंच येईल. प्रत्येक नंबरचे दोन-दोन घ्या. सोबत दोन क्रोकोडाईल क्लिपवाल्या वायर, थोडी स्लीव्ह, आणि ५००के चा एक प्रीसेट, म्हणजे स्क्रूने फिरवायचा छोटा पॉट.

हे घेतलं की लगेच कंडेन्सर पक्का सोल्डर करू नका. पॉटच्या मधल्या आणि तिसऱ्या पायाला एकेक छोटी वायर तात्पुरती सोल्डर करा, वीतभर पुरे, जास्त लांब केलीत तर गुणगुण पकडेल, आणि त्या दोन वायर खाचेतून बाहेर काढून गिटार परत बंद करा, नुसती प्लेट ठेवून टेप मारली तरी चालेल. आता बाहेर आलेल्या टोकांना क्लिप लावा आणि एकेक कंडेन्सर पकडून ऐका. ऐकायचं कसं तेही सांगतो, घरी बेडरूममध्ये बारीक आवाजात नाही. तुमची नेहमीची वायर, नेहमीचं पेडल, आणि शक्य तितका कार्यक्रमाच्या जवळचा आवाज, शेजारी दुपारी झोपत असतील तर सकाळी करा. नॉब तुमच्या नेहमीच्या जागी ठेवा, एकच कॉर्ड धरून ऱ्हिदम वाजवा, मग १० वर जा, परत या. १० वरचा आणि खालचा आवाज मोठा-लहान सोडून सारखा वाटला की तो कंडेन्सर तुमचा. दोन कंडेन्सरमध्ये ठरत नसेल तर छोटा घ्या, कारण जास्तीचा ट्रेबल मंडपाच्या हॉर्नमधून दुप्पट टोचतो, कमी असला तर कुणाला कळत नाही. मग नॉब ३-४ वर नेऊन ऐका, तिथे पातळ वाटतंय आणि तिथेही तुम्हाला वाजवायचं असतं, तर प्रीसेट कंडेन्सरच्या सिरीजमध्ये लावा आणि स्क्रू फिरवत बसा, बरोबर वाटलं की प्रीसेट काढून मीटरने मोजा आणि त्याच्या जवळचा रेझिस्टन्स टाका. एवढं केलंत की डंकन की किनमन हा वादच राहत नाही.

आता बसवायचं. टेलिकास्टर असेल तर नशीबवान आहात, कंट्रोल प्लेटचे दोन स्क्रू काढले की पॉट हातात, तारा काढायच्या नाहीत. लेस पॉलला मागचं झाकण. स्ट्रॅटला मात्र तारा सैल करून किंवा काढून पूर्ण पिकगार्ड उचलावं लागतं, तर ते तारा बदलायच्या दिवशीच करा. लेस पॉलला दोन व्हॉल्यूम असतात, दोन्हीला वेगवेगळं बसवावं लागेल, आणि दोन्हीला एकच किंमत बसेलच असं नाही, नेकच्या पिकअपला जास्त धार सहन होते.

पायाला सोल्डर मारायला २५ वॅटचं आयर्न भरपूर झालं. पॉटच्या पाठीला हात लावायचा नाही, त्याला जास्त उष्णता लागते आणि पॉट आतून जळायची भीती, सुदैवाने या कामात पाठीचा संबंधच येत नाही. कंडेन्सरचे पाय कापून आखूड करा, त्यांच्यावर स्लीव्ह चढवा, पॉटच्या पायाला आधी थोडं सोल्डर लावून घ्या मग कंडेन्सरचा पाय टेकवून दोन-तीन सेकंद गरम करा, चकचकीत डाग बसला पाहिजे, मळकट दाणेदार दिसला तर परत करा. पावसाळ्यात उघडी पडलेली जुनी सोल्डर वायर वापरू नका, आणि प्लंबरची ॲसिडवाली पेस्ट तर अजिबात नको, आपल्या हवेत ती वर्षभरात पाय खाऊन टाकते.

बसवल्यावर नॉब फिरवून व्हॉल्यूम कमीच होत नसेल तर कंडेन्सरचे दोन पाय एकमेकांना चिकटलेत, किंवा सोल्डरचा थेंब दोन पायांच्या मधे गेलाय. आवाजच बंद झाला तर एखादा पाय पॉटच्या अंगाला किंवा खाचेतल्या तांब्याच्या पट्टीला लागलाय. १० वरचाच आवाज बदलला असेल तर तुम्ही कंडेन्सर चुकीच्या पायाला, म्हणजे ग्राउंडला लावलाय, तो आता टोन कंट्रोलचं काम करतोय.

काही न आणता करायचा एक उपाय आहे तोही सांगून ठेवतो, जुन्या गिब्सनच्या पद्धतीचा, ज्याला फिफ्टीज वायरिंग म्हणतात. आजकाल टोनची वायर व्हॉल्यूमच्या तिसऱ्या पायाला, म्हणजे पिकअपच्या बाजूला असते. ती तिथून काढून मधल्या पायाला लावायची, एवढंच. मग नॉब खाली आला की टोनचा भार पिकअपवर थेट राहत नाही, मधे पॉट येतो. हंबकरला हे छान लागतं, ट्रेबल ब्लीडइतकी धार टिकत नाही पण आवाज कुठेच पातळ होत नाही. बदल्यात टोन आणि व्हॉल्यूम एकमेकांत गुंततात, टोन कमी केला तर आवाजही थोडा उतरतो, सवय करावी लागते. स्ट्रॅटला टोन स्विचच्या बाजूने जोडलेला असतो म्हणून तिथे हे इतकं सरळ नाही, तिथे कंडेन्सरच बरा. फिफ्टीज वायरिंग आणि ट्रेबल ब्लीड दोन्ही एकत्र करणारे आहेत, मला ते किरकिरं वाटतं, तुमचे कान तुमचे.

फझ पेडल (आवाज खरखरीत फाडणारं) वापरणाऱ्यांनी मात्र थांबून विचार करा. जुन्या पद्धतीचा फझ गिटारचा व्हॉल्यूम कमी केल्यावर आपोआप स्वच्छ होतो, ती त्याची मजा आहे, ट्रेबल ब्लीडमुळे तिथे माश्या घोंगावल्यासारखं होऊ शकतं. क्लिपची टेस्ट फझ लावूनही करा. नाहीच पटलं तर पुश-पुल पॉट (नॉब ओढला-दाबला की स्विच होणारा) टाकून कंडेन्सर चालू-बंद करता येतो.

आणि शेवटचं, गिटार उघडलीच आहे तर पॉट साफ करून घ्या. समुद्राकाठी ठेवलेल्या गिटारचा पॉट खरखरतो तो बहुतेक वेळा झिजलेला नसतो, खारी हवा आणि धूळ बसलेली असते. कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे पायांच्या वरच्या फटीतून एकदाच बारीक मारा आणि नॉब पूर्ण इकडून तिकडे भरपूर वेळा फिरवा. गंज काढायचा तेलकट स्प्रे मारू नका, आतलं ग्रीस धुतलं जातं आणि तेलावर पुढची धूळ अजून पक्की बसते. जॅकची आतली पट्टीही बघा, काळी पडली असेल तर स्प्रे लावलेल्या कापडाने पुसा, मग झाकण लावा आणि तारा चढवा.